बहात्तर चाचण्या झाल्या, पण तोंडात कुणी पाहिलं?

प्रश्न: वय ४६. इचलकरंजीत स्वतःचे सोळा यंत्रमाग आहेत. वडील ५२ व्या वर्षी हार्ट अटॅकने गेले, आईला शुगर आहे. वीस वर्षांपासून तंबाखू मळून खातो, अधूनमधून मावा. गेल्या वर्षी मेहुण्याच्या आग्रहाने ‘फुल बॉडी चेकअप’ केलं, १,४९९ रुपयांत ७२ चाचण्या. रिपोर्टमध्ये बरेच आकडे ठळक छापून आले: उपाशीपोटी साखर ११२, ट्रायग्लिसराइड २६२, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३४, एकूण कोलेस्टेरॉल २२४, युरिक अ‍ॅसिड ७.४, टीएसएच (थायरॉइडची चाचणी) ५.६, व्हिटॅमिन डी १८ आणि पीएसए ४.८. पीएसए वाढला म्हणजे प्रोस्टेटचा कॅन्सर असं नेटवर वाचलं, तेव्हापासून झोप उडाली आहे. त्या आठवड्यात लघवीला जळजळ होत होती, ती गोळ्यांनी गेली. नंतर कुठे दाखवलं नाही. दवाखान्यात बीपी १४६/९२ भरला, डॉक्टर म्हणाले टेन्शनने असेल. आता त्याच लॅबचा मेसेज आलाय, यंदा १०४ चाचण्यांचं पॅकेज. घेऊ का, की दुसरं काही करायला हवं?

उत्तर: घेऊ नका. तुमच्या हातात असलेल्या जुन्या रिपोर्टमध्येच वर्षभर पुरेल एवढं काम आहे. फक्त तुम्ही ज्या आकड्याने घाबरलात तो बहुधा सगळ्यात निरुपद्रवी आहे, आणि ज्यांच्यावरून नजर पुढे गेली ते तुमच्या वडिलांच्या वाटेवरचे आहेत.

तरी सुरुवात पीएसएपासूनच करू, कारण झोप त्याने उडवली आहे. हे प्रोस्टेट ग्रंथीतून रक्तात झिरपणारं प्रथिन. ग्रंथीला काहीही झालं की ते वाढतं: वयानुसार होणारी साधी वाढ, सूज, जंतुसंसर्ग, लघवीची नळी घालणं, आणि कॅन्सरही. तुम्हाला त्या आठवड्यात जळजळ होती, म्हणजे संसर्ग असण्याचीच शक्यता मोठी. अशा वेळी पीएसए तपासायलाच नको होतं. संसर्ग बरा झाल्यावर सहा ते आठ आठवडे थांबून ते पुन्हा करायचं असतं. तुमचं तर वर्ष उलटलं. तेवढी एक चाचणी, त्याच लॅबमध्ये, आता करून घ्या. आधीचे दोन दिवस वीर्यस्खलन आणि सायकल टाळा, दोन्हीने आकडा थोडा चढतो. पुन्हाही चार-पाचच्या घरात आला तर मूत्रविकारतज्ज्ञाकडे जा. तेथे बोटाने तपासणी आणि गरज वाटली तर आधी एमआरआय. थेट बायोप्सीची घाई नको. या मधल्या टप्प्यात आकडा आलेल्या बहुतेकांना कॅन्सर नसतोच.

मुळात घरात कुणाला प्रोस्टेटचा कॅन्सर नसेल तर ४६ व्या वर्षी ही चाचणी तुम्हाला लागत नव्हती. वडिलांना किंवा भावाला तो असेल तर चाळिशी-पंचेचाळिशीपासून विचार करतात. बाकीच्यांसाठी ५५ ते ६९ या वयात, आणि तेही डॉक्टरांशी बोलून, फायदा-तोटा समजून घेऊन. तोटा खरा आहे. प्रोस्टेटचे अनेक कॅन्सर इतके संथ असतात की माणूस त्यांच्यासह म्हातारा होतो, त्यांच्यामुळे मरत नाही. पण एकदा सापडला की बऱ्याचदा ऑपरेशन होतं, आणि मागे लघवी न थांबण्याची किंवा नपुंसकत्वाची तक्रार राहू शकते. आणखी एक गोष्ट, तुमच्यासाठी नसली तरी इतर वाचकांसाठी: केस गळू नयेत म्हणून फिनास्टेराइड घेणाऱ्यांचा पीएसए औषधामुळे जवळपास निम्मा दिसतो. डॉक्टरांना गोळीचं सांगितलं नाही तर त्यांना वाढलेला आकडाही नॉर्मल वाटेल.

आता ‘७२’ चं गणित. रक्तपेशींची एक साधी तपासणी, म्हणजे सीबीसी, तिचे वीस-बावीस आकडे छापून येतात. लघवीच्या एका तपासणीचे पंधरा-सोळा. लिव्हरचे दहा-अकरा, कोलेस्टेरॉलचे त्यातल्या गुणोत्तरांसकट आठ-नऊ. म्हणजे तुमच्या खऱ्या चाचण्या आठ-दहाच. बाकी मोजदाद दुकानदारीची. १०४ चं पॅकेज म्हणजे बहुतेक त्यातच आणखी दोन-तीन व्हिटॅमिनं आणि ‘कॅन्सर मार्कर’. हे मार्कर धडधाकट माणसात कॅन्सर शोधण्यासाठी बनलेलेच नाहीत, ते उपचार चालू असलेल्या रुग्णावर नजर ठेवायला वापरतात. काही पॅकेजांत पुरुषांनाही सीए-१२५ करतात, जो प्रामुख्याने बीजांडकोशाच्या, म्हणजे बायकांच्या कॅन्सरसाठीचा आहे!

आणि ठळक अक्षरांचं म्हणाल, तर बहुतेक चाचण्यांची ‘नॉर्मल’ मर्यादा निरोगी लोकांपैकी ९५ टक्के आत बसतील अशी आखलेली असते. म्हणजे शंभरातले पाच निरोगी लोक प्रत्येक चाचणीत बाहेर पडणारच. एकमेकांशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या केल्या तर ठणठणीत माणसाचाही किमान एक आकडा ठळक येण्याची शक्यता ६४ टक्के होते. पॅकेज जितकं मोठं तितकी भीती जास्त, आणि भीतीपोटी पुढच्या चाचण्याही जास्त.

तुमचे तीन आकडे या वर्गातले धरा. युरिक अ‍ॅसिड ७.४: पायाच्या अंगठ्याचा सांधा सुजून लाल होत नसेल, मुतखडा नसेल, तर गोळी लागत नाही. टीएसएच ५.६: दोन-तीन महिन्यांनी एफटी-४ या थायरॉइडच्याच दुसऱ्या चाचणीसोबत पुन्हा करायचा, १० च्या खाली आणि त्रास काही नसेल तर सहसा लगेच गोळी सुरू करत नाहीत. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर चाचणीआधी दोन-तीन दिवस बंद ठेवा, त्याने थायरॉइडचे आकडे खोटे येतात. व्हिटॅमिन डी कमी आहे, निम्म्या गावाचं असेल. साठ हजार युनिटची पुडी डॉक्टर सांगतील तितके आठवडेच घ्यावी; मेडिकलवाल्याकडून आणून महिनोन्‌महिने घेत राहिलं तर रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडावर येतं.

आता मुद्द्याचं. साखर ११२, ट्रायग्लिसराइड २६२, एचडीएल ३४, बीपी १४६/९२, आणि ५२ व्या वर्षी गेलेले वडील. हे एकत्र वाचा. वेगवेगळे पाहिले तर प्रत्येक ‘थोडासाच’ जास्त आहे, म्हणूनच कुणी काही बोललं नाही.

बीपी ‘टेन्शनने असेल’ हे खरं असू शकतं, पण ते तपासून ठरवायचं असतं. दंडावर पट्टा बांधायचं डिजिटल मशीन घ्या, मनगटाचं नको. पट्टा दंडाच्या मापाचा हवा, जाड दंडावर लहान पट्टा बांधला तर बीपी उगाच जास्त दिसतो. सात दिवस सकाळ-संध्याकाळ मोजा. मोजण्याआधी अर्धा तास चहा नाही, तंबाखूचा बार नाही, जिना चढणं नाही. लघवी करून या. खुर्चीत पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. पायावर पाय नको. शर्टाची बाही वर गोळा करून दंड आवळू नका, सरळ काढा. हात टेबलावर, पट्टा छातीच्या पातळीला. मशीन चालू असताना बोलू नका. बायकोने डब्याचं विचारलं तरी उत्तर नंतर द्या, बोलण्याने आकडा सहज पाच-दहाने चढतो. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही लिहा. पहिल्या दिवशी दोन्ही हात तपासा आणि ज्यात जास्त येईल तोच पुढे वापरा. सातव्या दिवशी २८ नोंदी होतील. पहिल्या दिवसाच्या चार सोडून उरलेल्या २४ ची सरासरी काढा. १३५/८५ किंवा वर आली तर तो खरा रक्तदाब आहे, टेन्शन नव्हे. दवाखान्यातली रेषा १४०/९० असते, घरची थोडी खाली.

साखर ११२ ही मधुमेह नाही, पण नॉर्मलही नाही. उपाशीपोटी १०० ते १२५ हा मधला पट्टा. १२६ पासून मधुमेह, तोही लक्षणं नसतील तर दुसऱ्यांदा तपासून नक्की करतात. आई मधुमेही आहे, म्हणून यंदा उपाशीपोटीच्या साखरेसोबत एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी, करा. त्यात ५.७ ते ६.४ मधला पट्टा, ६.५ पासून मधुमेह. हिमोग्लोबिन कमी असेल तर ही चाचणी फसवते. लोहाच्या कमतरतेत ती खोटी वाढलेली दिसते. म्हणून सीबीसी शेजारी ठेवूनच वाचावी. दोन आकडे एकमेकांशी जुळत नसतील तर ग्लुकोज पिऊन करायची चाचणी होते: ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात, पाच मिनिटांत संपवायचं, मग दोन तास तिथेच बसायचं. त्या दोन तासांत तंबाखू मळायची नाही आणि फेऱ्याही मारायच्या नाहीत. २०० किंवा वर मधुमेह, १४० ते १९९ मधला पट्टा. लोक लॅबजवळ पोहे खाऊन दीड तासात परत येतात आणि त्याला ‘पीपी’ म्हणतात. तो आकडा निदानाला चालत नाही.

कंबर मोजा, आणि पँटचा नंबर सांगू नका. पोट सुटलेला माणूस पँट पोटाखाली बांधतो, नंबर वर्षानुवर्षं ३६ च राहतो. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मध्यावर, उघड्या अंगावर, साधा श्वास सोडून झाल्यावर टेप आडवा धरा. आपल्याकडच्या पुरुषांसाठी ९० सेंटीमीटरच्या वर धोका धरतात.

कोलेस्टेरॉलमध्ये फक्त एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, पाहू नका. एकूणातून एचडीएल वजा करा: २२४ वजा ३४, म्हणजे १९०. याला नॉन-एचडीएल म्हणतात, तो साधारण १३० च्या आत असावा. ट्रायग्लिसराइड जास्त असणाऱ्याला हाच आकडा जास्त खरं सांगतो. वडिलांना ५५ च्या आत हृदयविकार झाला, हे स्वतंत्र धोक्याचं कारण धरलं जातं. तुम्ही आयुष्यात एकदाच एक जास्तीची चाचणी करा, लायपोप्रोटीन-ए. लॅबमध्ये ‘अ‍ॅपो ए-वन’ शी गल्लत होते, ती वेगळी चाचणी. चिठ्ठीवर डॉक्टरांकडून नीट लिहून घ्या. हे आनुवंशिक असतं, खाण्यापिण्याने फारसं बदलत नाही, म्हणून पुन्हा पुन्हा करायची गरज नाही. डेसिलिटरला ५० मिलिग्रॅमच्या वर आलं तर बाकीचे धोके जास्त कडकपणे आवरायचे, आणि सख्ख्या भावंडांनीही एकदा करायचं. हे सगळे आकडे घेऊन फिजिशियनकडे गेलात की ते स्टॅटिन या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळीबद्दल बोलतील. ती चर्चा टाळू नका.

पॅकेजवाले ‘टीएमटी फक्त ५०० रुपयांत’ सुचवतील. छातीत काही त्रास नसलेल्या माणसाची ही सरकत्या पट्ट्यावर चालवून करायची हृदयाची चाचणी बऱ्याचदा खोटी ‘पॉझिटिव्ह’ येते. आणि निगेटिव्ह आली तरी निश्चिंत होता येत नाही, कारण अनेक अटॅक रक्तवाहिनीतल्या, रक्त अडवण्याइतक्या मोठ्या नसलेल्या चरबीच्या गाठी फुटून येतात. मात्र चालताना, जिना चढताना छातीवर दाब येत असेल आणि थांबलं की जात असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि आजच डॉक्टर गाठा. स्क्रीनिंग, म्हणजे त्रास नसताना करायची तपासणी, तिथे संपतं.

आता शीर्षकातली गोष्ट. वीस वर्षं तंबाखू, वर मावा, आणि ७२ चाचण्यांत एकाही माणसाने तुम्हाला ‘आ करा’ म्हटलं नाही. भारतातल्या पुरुषांत तोंडाचा कॅन्सर सर्वांत जास्त आढळणाऱ्या कॅन्सरमध्ये मोडतो, आणि तो रक्तात नाही, नजरेला सापडतो. तोही कॅन्सर होण्याच्या आधी, चट्टा असताना.

महिन्यातून एकदा, चूळ भरून, आरशासमोर मोबाइलचा टॉर्च लावून पाहा. बार जिथे ठेवता ती जागा आधी. खालच्या ओठाच्या आत असेल तर ओठ बाहेर ओढून, गालफडात असेल तर बोटाने गाल बाजूला करून अगदी अक्कलदाढेपर्यंत. मग दुसरा गाल, हिरड्यांची आतली-बाहेरची बाजू, टाळू. जीभ स्वच्छ रुमालाने धरून बाहेर ओढा आणि दोन्ही कडा पाहा. जीभ वर करून तिच्याखालची जागा. शेवटी जबड्याखाली आणि मानेत गाठ लागते का ते चाचपा. शोधायचं काय? पुसून न जाणारा पांढरा चट्टा. लाल, मखमली चट्टा, जो पांढऱ्यापेक्षा जास्त धोक्याचा. दोन आठवड्यांत न भरलेली जखम. न दुखणारी गाठ. दुखत नाही म्हणून लोक सहा महिने काढतात. सुरुवातीला हा कॅन्सर दुखत नाहीच.

मावा खाता म्हणजे सुपारी खाता, म्हणून आणखी एक. तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका अशी तीन बोटं उभी धरून पुढच्या दातांमध्ये घाला. जात नसतील, किंवा हल्ली तिखट जास्त झोंबतं, गाल आतून ताठ आणि पांढुरके वाटतात, तर सुपारीने तोंड आवळायला लागलं आहे. हे मागे फिरत नाही, पण सुपारी सोडली तर पुढे जाणं रोखता येतं, आणि यातूनच पुढे कॅन्सर होऊ शकतो. तंबाखू न घालता नुसती सुपारी खाल्ली तरी हे होतं. (गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. तो कुठे मिळतो हे गावातल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं, तो भाग वेगळा.)

स्वतः पाहिलं तरी सहा महिन्यांतून एकदा दातांच्या डॉक्टरांकडून पाहून घ्या आणि ‘तंबाखू खातो, चट्टे बघा’ असं स्पष्ट सांगा. नाहीतर ते दात साफ करून देतील. तुकडा तपासायला घ्यायचा म्हणाले तर ‘सुई लावली की पसरतो’ ही समजूत मनातून काढा. बायोप्सीने पसरत नाही, उशिराने पसरतो. सोडायची असेल तर १८००-११-२३५६ हा तंबाखूमुक्तीचा मोफत राष्ट्रीय क्रमांक आहे.

तुमच्या धंद्याच्या दोन चाचण्या कुठल्याच पॅकेजात नसतात. मागाच्या खडखडाटाने कान हळूहळू जातात, आणि आधी चिमणीची किलबिल, टीव्हीवरचे संवाद अशा उंच सुरांपासून. ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करा, पण आधीचे १६ तास मागापासून दूर राहून, म्हणजे सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. नाहीतर आदल्या दिवसाचा तात्पुरता बधिरपणाच मोजला जाईल. सूतगिरणीच्या मानाने मागावर कापसाची धूळ कमी, तरी सुट्टीनंतर कामावर गेलेल्या पहिल्याच दिवशी छाती आवळत असेल तर स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून करायची फुफ्फुसांची तपासणी, करून घ्या. हे दोन्ही तुमच्या कामगारांनाही लागू आहे.

हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीची तपासणी एकेकदा करून ठेवा. आतड्याच्या कॅन्सरसाठी अमेरिकेत ४५ पासून सगळ्यांची तपासणी सुरू करतात. आपल्याकडे त्याचं प्रमाण कमी, तशी राष्ट्रीय मोहीम नाही. पण आई-वडील वा भावंडांत कुणाला तो झाला असेल तर चाळिशीत, किंवा त्यांना झाला त्या वयाच्या दहा वर्षं आधी, यातलं जे आधी येईल तेव्हा कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी. शौचातून रक्त जात असेल तर ‘मूळव्याध आहे’ असं स्वतःच ठरवून मलम लावत बसू नका.

रक्त द्यायला जाताना आठ ते बारा तास उपाशी, पाणी चालेल. तीन दिवस दारू नाही, ट्रायग्लिसराइड फुगतो. आदल्या दिवशी जड व्यायाम नाही, लिव्हरच्या चाचणीतला एसजीओटी चढतो. शक्यतो स्वतः लॅबमध्ये जा. घरून रक्त नेणारा मुलगा उन्हात आणखी सहा घरं फिरतो, आणि साखरेची बाटली राखाडी टोपणाची नसेल तर नळीतल्या पेशी दर तासाला पाच-सात टक्के साखर खात राहतात. आकडा छान येतो आणि खोटा असतो.

बीपी, साखर आणि तोंड यांची तपासणी तिशीपुढच्या प्रत्येकाला आयुष्मान आरोग्य मंदिरात मोफत आहे; आशाताई घरी येऊन फॉर्म भरतात तो याचाच. राष्ट्रीय कार्यक्रमात बीपी-साखर दरवर्षी आणि तोंड पाच वर्षांनी पाहतात. तंबाखू खाणाऱ्याने पाच वर्षं थांबू नये. तुमची साखर मधल्या पट्ट्यात आहे तोवर ती दरवर्षी, कोलेस्टेरॉल औषध सुरू केल्यास दोन-तीन महिन्यांनी आणि मग वर्षाला. बीपी खरा निघाला किंवा मधुमेह ठरला तर मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन व लघवीतला अल्ब्युमिन, आणि डोळ्यांचा पडदा हेही वर्षाला एकदा. जुन्या करप्रणालीत रिटर्न भरत असाल तर तपासणीच्या ५,००० रुपयांपर्यंतच्या खर्चाची वजावट मिळते, रोखीने भरला असला तरी. ती आरोग्यविम्याच्या मर्यादेतच मोजतात, पावती जपून ठेवा.